पट्टीआडचं तोंड

बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते दोनच शब्द होते. "आ कर."

पिंपरीला औषधाचा कारखाना नुकता सुरू झाला होता तेव्हाची ही गोष्ट, म्हणजे पन्नास सालानंतरची. तिथं पेनिसिलीन तयार व्हायचं आणि ते लहान लहान बाटल्यांत भरायला मुली घेत होते. माझा थोरला भाऊ तिथं बॉयलरवर होता. त्यानं माझं नाव दिलं. मी एकोणीस वर्षांची. भावाच्या सायकलवर मागं बसून चिंचवडहून आले आणि इतर मुलींबरोबर एका पांढऱ्या खोलीबाहेर रांगेत उभी राहिले. नाव विचारतील, गाव विचारतील, फार तर एखादा हिशेब घालतील, म्हणून रस्ताभर पाढे म्हणत आले होते.

बाई दारातून बाहेर आल्या. उंच, हाडकुळ्या, अंगात पांढरा झगा आणि नाकातोंडावर कापडाची पट्टी. पट्टीच्या वर नुसते डोळे. मी तोंड उघडलं तशी बोटाला कापूस गुंडाळून त्यांनी माझी खालची हिरडी दाबली आणि तो कापूस उजेडात धरला. तांबडा झाला होता, आणि तांबड्यात थोडं पिवळं.

"बघा," त्या सगळ्या रांगेला म्हणाल्या. "विशीची पोर आणि साठीचं तोंड. वासही आहे. हिला आत घ्यायची नाही. पॅकिंगला बसवा."

बाकीच्या मुलींनी ओठ गच्च मिटून घेतले. माझ्या शेजारची एक पाऊल लांब सरकली. खरं तर तिला सरकायला जागा नव्हती, भिंत होती. तरी ती सरकली. मला ते पाऊल अजून दिसतं.

बाईंनी मला काही नवीन सांगितलं होतं असं नाही. माझ्या तोंडाला वास येतो हे मला चौदा-पंधराव्या वर्षापासून माहीत होतं. सकाळी चूळ भरली की पाणी लाल व्हायचं. भाकरीच्या तुकड्यावर डाग दिसायचा. आमच्या घरात सगळ्या बायका मिश्री लावायच्या, तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी पूड. आईच्या पुढच्या दातांची जागा रिकामी होती आणि तिची चाळिशीही उलटली नव्हती. मी रक्त दाखवलं की ती म्हणायची, "उष्णता हाय. सब्जा पी." मग सब्जा प्यायचा, तुरटीच्या गुळण्या करायच्या, लवंग धरायची. चार दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच.

मी तोंडावर पदर धरून बोलायला शिकले. हसताना मान फिरवायची. कोणी जवळ येऊन बोलायला लागलं की श्वास आत ओढून धरायचा आणि माणूस लांब गेल्यावर सोडायचा. शेजारणी आईला म्हणायच्या, "तुमची पोर किती मर्यादेची हो, आवाज म्हणून ऐकू येत नाही." आईला अभिमान वाटायचा. माझ्या अंगाची लाज लोकांना संस्कार वाटत होती, आणि मी ते वाटू देत होते. त्याखेरीज माझ्याकडे ती लाज झाकायला दुसरं काही नव्हतं.

तर अशी मी, आणि या बाईंनी मला पहिल्याच दिवशी रांगेसमोर उघडं केलं.

बाई रत्नागिरीकडच्या. मुंबईला नर्सिंग शिकलेल्या. बाटल्या भरायची खोली निर्जंतुक ठेवायची असे, आणि मुली हात धुऊन, झगा-टोपी-पट्टी चढवून आत जाईपर्यंत त्यांच्यावर नजर ठेवायचं काम बाईंचं. त्या दारातच उभ्या असत. स्वतः आत कधी गेलेल्या कोणी पाहिल्या नाहीत. मुली म्हणायच्या, मोठ्या शिष्ट आहेत, आपल्यात बसायला कमीपणा वाटतो. पट्टी त्या दिवसभर कोणासमोर काढत नसत. साहेबांशी बोलताना नाही, पगार घेताना नाही, कॉलनीतल्या दुकानात भाजी घेतानाही नाही. जेवायला एकट्या बसत, भिंतीकडं तोंड करून. जेवण झालं की नळावर जात आणि तिथं इतका वेळ दात घासत की मागं रांग लागायची. त्यांचा ब्रश एका पत्र्याच्या डबीत असे आणि दुपारी ती डबी उघडून कठड्यावर उन्हात ठेवलेली दिसे. त्यांच्याजवळून गेलं की लवंगेचा वास यायचा. लवंग त्यांच्या गालात कायम.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, दात राहत. मुलींना त्या दातांवरूनच हाका मारायच्या. एक फटवाली, एक सुळेवाली, एक दुधाच्या दातांची. माझं नाव पडलं हिरडी. "ए हिरडी, आज घासलेस काय गो?" असं त्या भर जिन्यात ओरडायच्या आणि खालून वर येणारे फिटर वर बघायचे. मी रोज ठरवायची, उद्या यायचं नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा भावाच्या सायकलवर.

त्यांचं एक बोलणं मात्र तेव्हाही आवडायचं. कोणाच्या तोंडात पाहिल्यावर त्या म्हणायच्या, "बिऱ्हाडकरू बसलेत हिच्याकडे. भाडं नाही आणि जागा सोडत नाहीत." आणि पॅकिंगमधल्या निम्म्या मुलींच्या तोंडात बिऱ्हाडकरू होते. कुठली चाकणकडची, कुठली मोशीची, कुठली आमच्यासारखी नगरहून पोटासाठी आलेली. सगळ्या तरण्याताठ्या. एकमेकींना कोणी काही सांगत नव्हतं. जी ती आपापला पदर धरून.

पहिल्या वर्षातच माझा गाल सुजला. दाढेपाशी गळू झालं होतं. कारखान्याच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, आम्ही ज्याच्या बाटल्या खोक्यात भरायचो त्याच पेनिसिलीनची. आणि चमत्कार झाला. गळू तर गेलंच, पण रक्त थांबलं. वास गेला. मी सकाळी ओंजळीत श्वास सोडून पुन्हा पुन्हा हुंगायची, आणि काही नाही! चूळ भरली की पाणी पाण्यासारखं. मी आईशी पदर न धरता बोलले तेव्हा ती माझ्याकडं बघतच राहिली.

मी बाईंपुढं जाऊन न सांगता तोंड उघडलं. त्यांनी दाबून पाहिलं. कापूस पांढरा.

"मी बरी झाले," मी म्हटलं.

"बिऱ्हाडकरू गावाला गेलेत," बाई म्हणाल्या. "घर तसंच आहे त्यांचं. दाताच्या मुळाशी कीट धरलंय दगडासारखं, ते कोण काढणार? येतील ते परत."

मला त्यांचा इतका राग आला. दुसऱ्याचं बरं झालेलं यांना बघवत नाही, असं वाटलं. पण कापूस पांढरा होता, त्यामुळं त्यांना मला आत सोडावं लागलं. मी भरायच्या खोलीत जाऊ लागले, पगार वाढला, आणि त्याच सुमारास मला देहूरोडचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या लष्करी डेपोत कामाला. बघायला आले तेव्हा मी त्यांच्यासमोर मान वर करून बोलले, एकदा हसलेसुद्धा. पसंती आली. सुपारी फुटली. ते महिने माझ्या आयुष्यात फार सुखाचे होते, आणि ते थोडे होते.

पहिल्यांदा कळलं ते कामावर. तोंडाला पट्टी बांधली की आपलाच श्वास आपल्याकडं परत येतो. एका सकाळी तो आला आणि मी ओळखला. हातातली बाटली तशीच धरून उभी राहिले. मला वाटलं शेजारणीचा असेल. शेजारणीचा कसा असेल? पट्टीच्या आत मी एकटीच होते. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत नाकानं श्वास घेतलाच नाही आणि तोंडानं घेतला तो घोटाघोटानं.

लग्नाआधी मुलाची आई आणि धाकटी बहीण आमच्याकडं चिंचवडला आल्या. बहीण चौदा वर्षांची, मोठी गोड पोर. आम्ही दोघी पवनेच्या घाटावर बसलो. तिनं पेरू आणले होते. मी एक खाल्ला अर्धा, आणि ती म्हणाली, "वहिनी, मला दे तुझ्यातला, माझा कच्चा निघाला." तिनं तो माझ्या हातातून घेतलाही. पेरूच्या पांढऱ्या गरावर माझ्या दातांची सगळी ओळ लाल उमटली होती.

तिनं पेरू पायरीवर ठेवला, अगदी हळू, जणू तो फुटेल. मग नदीच्या पाण्यात हात धुतले.

पुढच्याच आठवड्यात मध्यस्थ आला. बाहेर बसूनच भावाशी बोलला. पोरीच्या तोंडातून रक्त पडतं, क्षय आहे, तुम्ही लपवून ठेवलंत. लग्न मोडलं. त्या काळी क्षय म्हटलं की माणसं भांडीसुद्धा वेगळी करायची. ही बातमी देहूरोडवरून पिंपरीला यायला वेळ लागला नाही, डेपोतले आणि कारखान्यातले लोक एकाच गाडीनं जात-येत असत. मला कामावरून घरी बसवलं आणि पुण्याला छातीचा फोटो काढायला पाठवलं. फोटो स्वच्छ निघाला. पण तो फोटो कोणाकोणाला दाखवत फिरणार? आमच्या नळावर मी गेले की बायका आपल्या कळशा उचलून घ्यायच्या. आई एका सकाळी मिश्रीचा डबा हातात घेऊन बसली, लावली नाही, नुसती बघत बसली. म्हणाली, "माज्यामुळं झालं का गं?"

रविवारी बाई आमच्या दारात. पट्टी बांधलेली, हातात छत्री आणि पिशवी. आईला नमस्कार नाही, काही नाही.

"छातीचा फोटो घे," त्या मला म्हणाल्या. "देहूरोडला जायचं."

"कुटं न्हेता तिला?" आई घाबरून म्हणाली. "आता काय ऱ्हायलंय तितं?"

"क्षय नाही हे सांगायचं राहिलंय."

मला जायचं नव्हतं. मेले तरी जायचं नव्हतं. पण बाईंपुढं नाही म्हणायची माझी छाती नव्हती. गाडीत सबंध वाटेत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात म्हणत होते, घराला कुलूप असू दे.

कुलूप नव्हतं. डेपोच्या चाळीतल्या त्या दोन खोल्यांत सगळे घरीच होते. बाई उंबऱ्यातूनच सुरू झाल्या. "हिला क्षय नाही. हा फोटो बघा. हिला पायोरिया आहे, हिरड्यांचा रोग. आणि तो तुमच्या मुलालाही आहे, त्याच्या हिरड्या इथून दिसतायत."

मुलगा काहीतरी बोलायला पुढं आला होता. बाईंनी त्याला तिथंच थांबवलं. "आ कर रे." आणि त्यानं केला! डेपोतली हुकमाची सवय असावी. बाईंनी झग्याच्या खिशातून कापूस काढावा तसा पिशवीतून काढला, दाबला, आणि पुढं धरला. लाल. तो पंचविशीच्या आतला, चांगला उंचापुरा. त्याचे कान तापून लाल झाले. तो माझ्याकडं बघत नव्हता आणि मी त्याच्याकडं. आम्ही दोघं त्या खोलीत सारखेच उघडे पडलो होतो.

त्याची आई उसळली. "ओ बाई! माज्या पोराच्या तोंडात बोटं घालनाऱ्या तुमी कोन? जगाची तोंडं उचकटून बघता, आदी तुमचं दावा की! पट्टी कशापायी बांदलीया? काय दडवलंय त्यात?"

मला वाटलं आता बाई काहीतरी तिखट बोलतील. त्यांनी हात मागं नेले आणि पट्टीची गाठ सोडली. मग तोंड उघडलं.

वर तीन-चार दात होते, लांब झालेले, हलणारे. खाली पुढचे तेवढे. मधे जांभळट, सुजलेल्या हिरड्या. लवंगेचा तुकडा जिभेवर दिसत होता. इतकं घासून, इतकं जपून, हे. आणि पट्टीशिवाय पहिल्यांदाच दिसलं की बाई म्हाताऱ्या नव्हत्या. त्यांची चाळिशीही आली नसावी.

"अगं बया," मुलाची आई म्हणाली आणि तिनं नाकाला पदर लावला.

बाईंनी तोंड मिटलं. पट्टी पुन्हा बांधायला गेल्या तर गाठ बसेना. त्यांनी खाली मान घातली. मी मागं जाऊन गाठ मारून दिली. तेवढ्या जवळून मला लवंगेच्या खालचा वास आला. तो मला परका नव्हता. रोज माझ्या पट्टीत यायचा तोच.

लग्न मोडलेलंच राहिलं. त्यांनी क्षयाचं नाव काढणं तेवढं बंद केलं.

देहूरोडच्या स्टेशनवर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. मला त्यांचा राग होता, आणि त्या रागाला कुठं बसावं ते कळत नव्हतं.

"माझं लग्न झालं होतं गो," त्या रुळांकडं बघत म्हणाल्या. "सतराव्या वर्षी. पहिल्या दिवाळीला माहेरी आले, ती राहिलेच. न्यायला कोणी आलं नाही. का ते कोणी सांगितलं नाही. वहिनी माझ्याजवळ झोपायची नाही, तिनंही सांगितलं नाही. सगळे नुसते तोंड फिरवायचे. मला वाटायचं, माझा स्वभावच वाईट असणार. मी स्वभाव सुधारत बसले. कमी बोलायची, सगळ्यांचं करायची. नर्सिंगला गेल्यावर एका डॉक्टरणीनं सांगितलं, अगं, तुझ्या हिरड्या सडल्यात. तेव्हा पंचविशी ओलांडली होती. मी त्या दिवशी हसले. रडले नाही, हसले. म्हटलं, म्हणजे मी वाईट नाही."

मग म्हणाल्या, "पण तोवर दातांखालचं हाड गेलं होतं. आता कितीही घास, बिऱ्हाडकरू परत येतात. भरायच्या खोलीत गेलेली कधी पाहिलीस मला? मी स्वतःला एकदाही पास केलं नाही."

मी विचारलं, "मग सगळ्यांदेखत कशाला सांगता, बाई? बाजूला घेऊन सांगावं की."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. हे त्यांच्या खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं, असं त्यांच्या डोळ्यांत दिसलं. "सांगावं एवढंच मला माहीत," त्या म्हणाल्या. "कसं सांगावं ते मला कोण शिकवणार?"

त्यानंतर त्या मला पुण्याला दाताच्या डॉक्टरकडं घेऊन जाऊ लागल्या. तो लोखंडी आकड्यानं मुळाशी धरलेलं कीट खरवडायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा खरवडून भागत नव्हतं, काही महिन्यांनी पुन्हा, आणि मधे रोज दोन वेळा घासायचं, मिश्री बंद, रक्त आलं तरी थांबायचं नाही. तरी कधी कधी ते परतायचंच. माझे तीन दात गेले, बाकीचे टिकले. पुढं लग्नही झालं, चाकणच्या बाजूला, आणि तो माणूस बघायला आला तेव्हाच मी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. तो म्हणाला, "सांगितलं ते बरं केलं." पण सांगताना माझी मान खालीच होती. ती लाज अंगातून गेली असं मी म्हणणार नाही. आजही लिफ्टमध्ये कोणी शेजारी उभं राहिलं की मी श्वास धरते.

बाईंनी उरलेले दात काढून टाकायचं ठरवलं तेव्हा सोबत मला नेलं. त्यांचं दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरनं एका बैठकीत सगळे काढले आणि तोंडात कापसाचे बोळे भरून दिले. परतीच्या गाडीत आम्ही बायकांच्या डब्यात बसलो. पट्टी बांधणं शक्य नव्हतं. त्यांनी तोंडावर पदर धरला होता, आणि पांढऱ्या पदरावर लाल डाग हळूहळू मोठा होत होता. डोळे मिटलेले. खडकी गेल्यावर समोर बसलेल्या एका प्रवासी बाईंनी आपलं मूल उचलून पलीकडं बसवलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "छातीचा आजार दिसतोय. अशांना डब्यात घेतातच कशी?"

बाईंच्या मिटलेल्या पापण्या हलल्या. त्यांनी ऐकलं होतं. बोलता येत नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "छातीचा नाही," मी म्हटलं. "हिरड्यांचा आहे. पायोरिया. मलाही आहे. आत्ता डॉक्टरकडून आलोय. तुमच्या मुलाच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं तर उष्णता म्हणून सोडू नका, तेवढ्यासाठी सांगते." आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. सगळा डबा बघत होता. मी त्या मूलवाल्या बाईंच्या फार जवळ उभी होते, आणि बोलता बोलता मला दिसलं, की माझा श्वास त्यांच्यापर्यंत पोचला. त्यांनी मान थोडी मागं घेतली. त्यांचा हात नाकाकडं निघाला आणि मधेच थांबला.

मी लाजेनं भिजून गेले. पण मी मागं सरकले नाही. "सकाळी घासताना नीट बघा," मी म्हटलं, "लाल दिसलं तर लगेच न्या."

बाईंनी डोळे न उघडताच हात लांब केला, चाचपडत माझं मनगट पकडलं, आणि पिंपरी येईपर्यंत सोडलं नाही.